कुऱ्हाड, करवत आणि एक डॉलर : नाताळचे झाड जंगलातून शेतात कसे आले?

१/
नोव्हेंबर संपत आला की अमेरिकेच्या ग्रामीण भागातील काही शेतांच्या फाटकांशी मोटारींची रांग लागते. आईबाप, मुले, कधी आजी-आजोबाही उतरतात. शेतकरी त्यांच्या हाती एक करवत देतो आणि सारे कुटुंब हिरव्या झाडांच्या ओळींत शिरते. तासाभराने स्वतः निवडलेले, स्वतः कापलेले झाड टपावर बांधून मंडळी घरी निघतात. पाहणाऱ्याला ही चाल पुरातन वाटते. परंतु ज्या शेतात हे घडते, त्या प्रकारच्या शेतीचे वय सुमारे सव्वाशे वर्षांचेच आहे. सणापायी जंगल संपेल की काय, या धास्तीच्या काळात ती जन्माला आली.

२/
ती धास्ती मात्र खरोखरच पुरातन आहे. आजच्या फ्रान्समधील आल्सास प्रांतात सेलेस्टा नावाचे लहानसे नगर आहे. त्याच्या १५२१ सालच्या जमाखर्चात एक त्रोटक नोंद सापडते : संत थॉमसच्या दिवसापासून, म्हणजे २१ डिसेंबरपासून, नाताळसाठी तोडल्या जाणाऱ्या झाडांवर पहारा ठेवण्याबद्दल वनरक्षकांना चार शिलिंग दिले. नाताळच्या झाडाविषयीच्या अगदी आरंभीच्या लेखी पुराव्यांत ही नोंद मोडते. तिच्यात सजावट नाही, गाणी नाहीत. आहे तो राखणदार आणि त्याची मजुरी.

३/
पुढे चाळीस वर्षांनी, १५६१ मध्ये, त्याच प्रांतातील आमेरश्वीर गावाने नियम केला : कोणाही नागरिकाने नाताळसाठी एकाहून अधिक झाड घेऊ नये आणि ते आठ बुटांच्या लांबीपेक्षा मोठे नसावे. नियम करावा लागला याचाच अर्थ लोक एकाहून अधिक झाडे नेत होते आणि मोठी नेत होते. गावाचे रान म्हणजे इंधन, घराची तुळई, गाडीचे जू आणि गुरांचा चारा. सणाच्या चार दिवसांसाठी कोवळे झाड तोडणे ही त्या गावाच्या लेखी चैन होती. ती बंद करणे शक्य नव्हते. तिला माप लावणे शक्य होते.

४/
या झाडाचे घरात काय होई, हे १६०५ च्या सुमाराच्या एका वर्णनातून कळते. स्ट्रासबुर्ग शहरातील लोक दिवाणखान्यात फरची झाडे उभी करीत आणि त्यांना रंगीत कागदाची गुलाबफुले, सफरचंदे, पातळ बिस्किटे, सोनेरी वर्ख आणि मिठाई टांगीत, असे कोणा अनाम लेखकाने नोंदवले आहे. पुढे त्याच शहरातील धर्मशास्त्री योहान कोनराड डानहाउअर यांनी १६४० च्या दशकात या प्रथेवर टीका केली. लोक देवाच्या वचनाऐवजी अशा क्षुल्लक गोष्टींत रमतात, ही त्यांची तक्रार होती. तक्रारीचा परिणाम झाला नाही. झाड जर्मन भाषक मुलखात पसरत राहिले.

५/
अटलांटिकच्या पलीकडे स्थिती वेगळी होती. मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील प्युरिटन राज्यकर्त्यांनी १६५९ मध्ये नाताळ साजरा करण्यावरच बंदी घातली आणि पाच शिलिंगांचा दंड ठेवला. हा कायदा १६८१ मध्ये रद्द झाला, तरी न्यू इंग्लंडमध्ये या सणाकडे पुढे दीर्घकाळ संशयाने पाहिले गेले. अमेरिकेत झाड आले ते मुख्यतः जर्मन स्थलांतरितांच्या घरांतून, विशेषतः पेन्सिल्व्हेनियातून. सुरुवातीला शेजाऱ्यांच्या दृष्टीने ती परक्यांची एक गंमतीदार चाल होती.

६/
चित्र पालटले ते अक्षरशः एका चित्राने. १८४८ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकाने राणी व्हिक्टोरिया, जर्मन वंशाचे प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुले सजवलेल्या झाडाभोवती उभी असल्याचे चित्र छापले. दोन वर्षांनी 'गोडीज लेडीज बुक' या अमेरिकी मासिकाने तेच चित्र छापले, पण राणीच्या मस्तकावरचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा काढून टाकून. राजघराणे नाहीसे झाले आणि उरले एक सुखवस्तू अमेरिकी कुटुंब. मध्यमवर्गाने ते कुटुंब आपलेसे केले, आणि त्याबरोबर झाडही.

७/
मागणी निर्माण झाली की विक्रेता येतोच. १८५१ च्या डिसेंबरात मार्क कार नावाचा कॅट्सकिल डोंगरातला एक लाकूडतोड्या दोन बैलजोड्यांच्या घसरगाड्या भरून फर आणि स्प्रूसची कोवळी झाडे घेऊन न्यूयॉर्कला आला, अशी कथा अमेरिकेत सर्वत्र सांगितली जाते. वॉशिंग्टन मार्केटजवळच्या पदपथाची जागा त्याने एक डॉलर भाड्याने घेतली आणि सर्व माल बघता बघता विकला. जे झाड डोंगरात सरपणाच्याही मोलाचे नव्हते, त्याला शहरात रोख किंमत आली.

८/
यानंतरची पन्नास वर्षे ही सरळ जंगलतोडीची आहेत. मेन, व्हरमाँट, ॲडिरॉन्डॅक डोंगर, मिशिगन, विस्कॉन्सिन : येथून झाडे रेल्वेच्या वाघिणी भरभरून शहरांकडे जाऊ लागली. या झाडांसाठी कोणी बी पेरले नव्हते, कोणी पाणी घातले नव्हते. तोडणारा बहुधा दुसऱ्याच्या किंवा लाकूड कंपन्यांनी आधीच उजाड करून सोडलेल्या जमिनीवर जाई आणि जे उगवले असेल ते कापून आणी. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर हा रानमेवा होता, पीक नव्हते. रानमेव्याला खर्च कमी. धोका मात्र असे.

९/
तो धोका किती, हे 'राउझ सिमन्स' या जहाजाच्या कथेवरून कळते. शिकागोच्या क्लार्क स्ट्रीट पुलाखाली दर नाताळला एक शिडाचे जहाज येऊन लागे. त्याच्या डेकवरच झाडांची विक्री चाले. कप्तान हेर्मान श्यूनेमान मिशिगनच्या उत्तर भागातून झाडे आणी. शहरवासीयांना तो नावानिशी ठाऊक होता. त्याचा थोरला भाऊ ऑगस्ट याच व्यवसायात १८९८ मध्ये झाडांनी भरलेल्या 'एस. थाल' या जहाजासह बुडाला होता. हेर्मानने तरीही धंदा सोडला नाही.

१०/
नोव्हेंबर १९१२ मध्ये 'राउझ सिमन्स' हजारो झाडे घेऊन थॉम्पसन बंदरातून निघाले. जहाज १८६८ मधले, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांचे जुने होते आणि मिशिगन सरोवरावर वादळ घोंघावत होते. २३ नोव्हेंबरला किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांना ते संकटाचे निशाण फडकावीत जाताना दिसले. टू रिव्हर्स ठाण्यातून यांत्रिक नौका धावली, परंतु तिला काहीच सापडले नाही. जहाजावरचे कोणीही परतले नाही. पुढे १९२४ मध्ये कोळ्यांच्या जाळ्यात कप्तानाचे मेणकापडात गुंडाळलेले पाकीट आले. बुडालेले जहाज सापडायला १९७१ साल उजाडले. त्याच्या कोठारात झाडे अजून रचलेली होती.

११/
कप्तानाची पत्नी बार्बरा आणि तिच्या मुलींनी हा व्यवसाय पुढे कित्येक वर्षे चालवला. ही गोष्ट अमेरिकेत हळवेपणाने सांगितली जाते, पण तिची आर्थिक बाजूही ध्यानात घ्यावी लागते. नोव्हेंबरअखेर, जेव्हा सरोवरावरील वाहतूक आवरती घेतली जाते, तेव्हाच या मालाला बाजार असे. आठ दिवस उशीर झाला तर माल उशिरा पोचे, आणि २५ डिसेंबरनंतर त्याच झाडाला कवडीमोल. या व्यवसायाची सारी गणिते एका तारखेला बांधलेली आहेत. जुन्या जहाजावर वादळात निघण्यामागे तीच तारीख होती.

१२/
इकडे विसावे शतक उजाडत असताना अमेरिकेत जंगलांविषयीची चिंता सार्वजनिक झाली होती. पूर्वेकडील आणि सरोवरांच्या प्रदेशातील मोठी अरण्ये लाकूड कंपन्यांनी साफ केली होती. वृत्तपत्रांतून नाताळच्या तोडीविरुद्ध सूर उमटू लागला : दरवर्षी लाखो कोवळी झाडे दहा दिवसांच्या शोभेसाठी का कापायची? १९०१ मध्ये अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट हे वनरक्षणाचे खंदे पुरस्कर्ते. त्यांच्या कुटुंबात झाड उभारण्याची चालही नव्हती. यांतूनच 'रूझवेल्टने व्हाइट हाउसमध्ये झाडावर बंदी घातली' ही दंतकथा तयार झाली. अशा बंदीचा आदेश मात्र कोठे आढळत नाही.

१३/
कागदोपत्री आढळते ती आठ वर्षांच्या आर्ची रूझवेल्टची खोडी. १९०२ च्या नाताळात त्याने व्हाइट हाउसमधील एका सुताराच्या मदतीने मोठ्या कपाटात एक लहानसे झाड गुपचूप सजवले आणि घरातल्या प्रत्येकासाठी, शिवाय जॅक कुत्रा, टॉम क्वार्ट्झ मांजर आणि अल्गॉन्क्विन तट्टू यांच्यासाठीही, त्यावर भेटी टांगल्या. रूझवेल्ट यांनीच दुसऱ्या दिवशी एका पत्रात हा प्रसंग लिहून ठेवला आहे. रूझवेल्ट यांचे वनप्रमुख गिफर्ड पिंचॉट यांचा एकूण विचार असा, की जंगल कुलूपबंद ठेवण्यासाठी नसते. ते वापरावे, पण पुन्हा उगवेल अशा बेताने. नाताळच्या झाडाला पुढे हाच विचार लागू पडणार होता.

१४/
तो लागू करणारा मनुष्य वनाधिकारी नव्हता, शेतकरी होता. न्यू जर्सी राज्यातील ट्रेंटन शहराजवळ, मर्सर काउंटीत, डब्ल्यू. व्ही. मॅकगॅलियार्ड यांचे शेत होते. १९०१ मध्ये त्यांनी तेथे नॉर्वे स्प्रूसची २५,००० रोपे लावली. अमेरिकेतील पहिली ख्रिसमस ट्री शेती म्हणून हीच लागवड ओळखली जाते. स्प्रूस हा जंगलचा वृक्ष. त्याला मका-बटाट्याप्रमाणे ओळीत लावून कापणीची वाट पाहायची, ही कल्पना तेव्हा शेजाऱ्यांना चमत्कारिक वाटली असल्यास नवल नाही. कारण हे पीक पहिली सहा-सात वर्षे एक पैसाही देत नाही.

१५/
१९०८ मध्ये पहिली विक्री सुरू झाली. गिऱ्हाइकाने शेतात यावे, झाड निवडावे आणि एक डॉलर द्यावा. या व्यवहारात शेतकऱ्याचे हित किती आहे, हे हिशेब मांडला की दिसते. तोडणीची मजुरी नाही. बाजारापर्यंतची वाहतूक नाही. दलाल नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कापून ठेवलेला माल पडून राहण्याची भीती नाही. न विकलेले झाड उभेच राहते आणि पुढच्या वर्षी एक वीत उंच होऊन पुन्हा विक्रीला येते. राउझ सिमन्सच्या कप्तानाला ज्या तारखेने गाठले, तिची धार येथे बोथट झाली.

१६/
गिऱ्हाइकाला काय मिळाले? ताजे झाड, हे एक. दुसरे म्हणजे अनुभव. शहरात आलेल्या पिढीचा कुऱ्हाडीशी, थंडीतल्या मातीशी, ओल्या राळेच्या वासाशी संबंध तुटत चालला होता. एका दुपारपुरता तो संबंध परत मिळत होता. कापण्याचे काम, जे मार्क कारच्या काळी मजुराचे कष्ट होते, ते आता कुटुंबाच्या मौजेचा भाग झाले. एकच कृती एकासाठी मजुरी आणि दुसऱ्यासाठी सोहळा ठरते, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

१७/
तरीही दुसऱ्या महायुद्धापर्यंत बाजारातील बहुसंख्य झाडे जंगलातूनच येत. शेतीला बळ मिळाले ते पडीक जमिनींमुळे. मंदीच्या काळात अनेकांनी शेते सोडली होती. माती वाहून जाऊ नये म्हणून त्यांवर सूचिपर्णी झाडे लावण्यात आली. ती दाट झाली की विरळणी करावी लागे, आणि विरळणीत निघालेली कोवळी झाडे नाताळला विकता येत. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट स्वतः न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथील आपल्या जमिनीवर झाडे लावीत आणि नाताळची झाडे विकीत. १९४४ च्या निवडणुकीत मतदानाच्या वेळी व्यवसाय विचारला असता त्यांनी 'वृक्ष उत्पादक' असे सांगितले होते.

१८/
युद्धानंतर मोटार घरोघरी आली, उपनगरे वाढली आणि शहरापासून तासाभराच्या अंतरावरील शेत हे कुटुंबाच्या सहलीचे ठिकाण बनले. 'निवडा आणि कापा' ही पद्धत या काळात रूढ झाली. १९५५ मध्ये उत्पादकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९६६ पासून या संघटनेच्या स्पर्धेत विजयी ठरलेल्या शेतकऱ्याचे झाड व्हाइट हाउसच्या ब्लू रूममध्ये उभे राहू लागले. पहिले झाड विस्कॉन्सिनमधून आले. ज्या वास्तूत कधी कपाटात लपवून झाड सजवले गेले, तेथे ते आता शेतमालाचा सन्मान म्हणून जाऊ लागले.

१९/
शेतात आल्यावर झाडाचे रूपही बदलले. जंगलातले फर किंवा स्प्रूस विरळ असते. दोन फांद्यांच्या थरांमधून आरपार दिसते. आज ज्याला लोक 'नैसर्गिक आकार' समजतात, तो भरगच्च शंकू छाटणीने घडवलेला असतो. उन्हाळ्यात मजूर लांब पात्याचा सुरा घेऊन प्रत्येक झाडाभोवती फिरतो आणि कोवळी टोके उडवतो. त्यामुळे आतल्या कळ्या फुटतात आणि झाड दाट होते. हे दरवर्षी करावे लागते. शिवाय तण काढणे, कीड पाहणे, मुळे कुजवणाऱ्या बुरशीपासून जपणे हे चालूच असते. नॉर्थ कॅरोलायनातील फ्रेझर फर बियांपासून सहा-सात फुटांचे व्हायला सुमारे बारा वर्षे लागतात.

२०/
कापल्यानंतर काय? बहुतेक शेतकरी त्याच ओळीत, जुन्या बुंध्याच्या शेजारी, पुढच्या वसंतात नवे रोप लावतात. काही ठिकाणी तळच्या एक-दोन फांद्या राखून झाड कापतात. त्यांतून नवा शेंडा उठतो आणि त्याच मुळावर दुसरे झाड उभे राहते. उसाचा खोडवा ठेवणाऱ्या महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही. दोन्ही प्रकारांत तत्त्व एकच : कापणी म्हणजे शेवट नव्हे, पुढच्या लागवडीची सुरुवात. सेलेस्टाच्या वनरक्षकाला जे चार शिलिंगांत साधायचे होते, ते येथे शेतकरी स्वतःच्या फायद्यासाठी करतो.

२१/
या शेतीने एक विलक्षण विसंगतीही निर्माण केली. फ्रेझर फर हा वृक्ष मूळचा केवळ दक्षिण ॲपलाचियन पर्वतांच्या उंच माथ्यांवरचा. स्कॉटिश वनस्पतिशोधक जॉन फ्रेझर यांचे नाव त्याला मिळाले आहे. युरोपातून चुकून आलेली एक सूक्ष्म, कापसासारख्या आवरणाची कीड १९५७ मध्ये माउंट मिशेल या शिखरावर आढळली. पुढील दशकांत तिने पर्वतमाथ्यांवरील मोठ्या वृक्षांचा फार मोठा भाग मारून टाकला; पांढरी, निष्पर्ण खोडे मैलोन्‌मैल उभी राहिली. त्याच पर्वतांच्या उतारांवर मात्र हीच जात शेतांत कोट्यवधींच्या संख्येने वाढते आहे. रानात संकटात आणि शेतात सुखात, अशी तिची अवस्था आहे.

२२/
टपावर बांधलेल्या झाडामागे दिसत नाहीत ते हात कोणाचे? कुटुंब करवत चालवते ती पाच मिनिटे. त्याआधीची दहा-बारा वर्षे दुसऱ्याच कोणी राबलेले असते. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ जिल्ह्यांत पूर्वी हे काम स्थानिक कुटुंबे करीत. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्याचा मोठा भार मेक्सिकोतून येणाऱ्या मजुरांवर आहे. त्यांतील अनेक जण हंगामी शेतमजुरीच्या व्हिसावर येतात. दुकानांकडे जाणारा घाऊक माल नोव्हेंबरात थंडी-पावसात कापून, जाळीत गुंडाळून, मालमोटारींत रचला जातो. मोठा व्यापार त्या मार्गाने होतो. कुटुंबाची सहल हा त्याचा देखणा, पण लहान हिस्सा आहे.

२३/
युरोपात हीच साखळी आणखी लांब आहे. तेथील लोकप्रिय झाड म्हणजे नॉर्डमान फर. डेन्मार्क हा त्याचा मोठा उत्पादक व निर्यातदार. पण या झाडाचे उत्तम बी कॉकेशस पर्वतातून, विशेषतः जॉर्जिया देशातील अंब्रोलाउरी परिसरातून येते. फरची बोंडे झाडाच्या अगदी शेंड्याला धरतात. ती काढण्यासाठी तिथले गावकरी तीस मीटर उंचीच्या वृक्षांवर चढतात. पूर्वी अनेक जण दोराशिवाय चढत आणि पडून जीवही जात. अलीकडे दोर, प्रशिक्षण आणि विमा यांचा आग्रह धरणारे काही खरेदीदार पुढे आले आहेत. कोपनहेगनच्या दिवाणखान्यातील झाडाचे मूळ अशा एका चढाईत असते.

२४/
खऱ्या झाडाला प्रतिस्पर्धीही जंगलाच्या चिंतेतूनच मिळाला. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत वृक्षतोडीच्या काळजीतून हिरव्या रंगवलेल्या हंसाच्या पिसांची झाडे बनली. १९३० च्या दशकात ॲडिस या ब्रश बनवणाऱ्या कंपनीने ब्रशाच्याच केसांपासून झाडे तयार केली. १९५९ पासून विस्कॉन्सिनमधील मॅनिटोवॉक येथे ॲल्युमिनियमची चकचकीत झाडे मोठ्या प्रमाणात बनू लागली. १९६५ मध्ये दूरचित्रवाणीवर आलेल्या चार्ली ब्राउनच्या नाताळपटाने धातूच्या झाडांची खिल्ली उडवली आणि त्यांची हौस लवकरच ओसरली. त्यांची जागा प्लॅस्टिकने घेतली. आज झाड सजवणाऱ्या बहुसंख्य अमेरिकी घरांत कृत्रिम, मुख्यतः चीनमध्ये बनलेले झाड असते.

२५/
मग पर्यावरणाला बरे कोणते? मॉन्ट्रियलमधील एका सल्लागार संस्थेने २००९ मध्ये दोन्हींच्या संपूर्ण जीवनचक्राचा अभ्यास केला. तिचा निष्कर्ष असा, की हवामानावरील परिणामाच्या दृष्टीने कृत्रिम झाड सुमारे वीस वर्षे वापरले तरच ते दरवर्षीच्या खऱ्या झाडाशी बरोबरी करते. मात्र खरे झाड आणण्यासाठी मोटारीने किती लांब गेले, यावर हिशेब बराच बदलतो. 'झाड कापणे म्हणजे जंगल कापणे' हे समीकरण १९०० मध्ये पुष्कळ अंशी खरे होते. शेतातल्या झाडाला ते लागू पडत नाही. पण शेतातल्या झाडालाही कीटकनाशके, इंधन आणि मजुरी यांचा हिशेब द्यावाच लागतो.

२६/
शेतकऱ्याची खरी जोखीम काळाची आहे. आज लावलेले रोप दहा वर्षांनी विकले जाणार. तेव्हा भाव काय असेल, कोणाला ठाऊक? २००८ च्या मंदीच्या सुमारास अमेरिकेत झाडे उदंड झाली होती, भाव पडले होते. अनेकांनी नवी लागवड कमी केली, काहींनी शेतीच सोडली. त्याची झळ ग्राहकाला लागली ती २०१६-१७ च्या सुमारास, जेव्हा झाडांचा तुटवडा पडला आणि किमती वाढल्या. जून २०२१ मधील उष्णतेच्या लाटेत ऑरेगॉन व वॉशिंग्टनमधील कोवळी रोपे करपली. त्या नुकसानीचाही अंतिम हिशेब लागायला काही नाताळ जावे लागतील.

२७/
२०१७ च्या अमेरिकी कृषिगणनेनुसार ख्रिसमस ट्रीची लागवड करणारी सुमारे १५,००० शेते होती, त्यांखाली २,९५,००० एकरांच्या आसपास जमीन होती आणि त्या वर्षी सुमारे १ कोटी ५० लाख झाडे कापली गेली. ऑरेगॉन पहिले, नॉर्थ कॅरोलायना दुसरे. यांतली अनेक शेते लहान, कुटुंबाने चालवलेली आहेत. शहराच्या कडेला असलेल्या अशा शेताच्या जमिनीला घरबांधणीचा भाव झाडांच्या उत्पन्नापेक्षा कितीतरी अधिक मिळतो. म्हणून मालक थकला आणि पुढच्या पिढीने नकार दिला की ओळी उपटल्या जातात. जंगल वाचवणाऱ्या या शेतीलाच आता वाचवण्याचा प्रश्न आहे.

२८/
सण उरकल्यावरही झाडाला काम उरते. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर २०१२ च्या 'सँडी' वादळानंतर वाळूच्या टेकड्या पुन्हा उभ्या करण्यासाठी टाकून दिलेली नाताळची झाडे रांगेने रचली गेली. वाऱ्याने आलेली वाळू त्यांत अडकते आणि बांध तयार होतो. लुइझियानातील दलदली राखण्यासाठी त्यांच्या कुंपणभिंती होतात. काही तलावांत ती तळाशी सोडतात. माशांच्या पिल्लांना आसरा मिळतो. उरलेल्यांचा भुसा बागांत पसरतो. दहा दिवसांच्या शोभेसाठी कोवळे झाड कापावे का, या जुन्या प्रश्नाचे हे एक व्यवहारी उत्तर आहे.

२९/
गोव्यात आणि कोकण किनाऱ्यावर फर किंवा स्प्रूस उगवत नाही. तेथे नाताळला सुरूची फांदी किंवा कुंडीतला अरॉकेरिया ही गरज भागवत आला आहे. दुसरीकडे, मॅकगॅलियार्ड यांची पहिली लागवड ज्या मर्सर काउंटीत झाली, तेथे आणि आसपास आज भारतीयांची मोठी वस्ती आहे, आणि तीत मराठी कुटुंबेही आहेत. त्यांच्या मुलांना हे झाड शाळेतून आणि शेजारातून भेटते. प्रथा नव्या मुलखात अशीच रुजते : जी वनस्पती हाताशी असेल ती घ्यायची आणि जी माणसे शेजारी असतील त्यांच्याकडून शिकायचे. आल्साससच्या चालीचा अमेरिकेपर्यंतचा प्रवासही याच वाटेने झाला.

३०/
या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. सोळाव्या शतकात गावाने पहारेकरी नेमून आणि माप ठरवून जे साधू पाहिले, ते टीकेने, प्रवचनाने किंवा बंदीच्या दंतकथेने साधले नाही. लोकांना झाड हवेच होते. तेव्हा कोणीतरी ते लावावे लागले, आणि लावणाऱ्याला दहा वर्षे थांबण्याइतका भरवसा वाटावा लागला. येत्या वसंतात रिकाम्या झालेल्या बुंध्यांशेजारी पुन्हा वीतभर रोपे लागतील. ती कापायला कोण येईल हे शेतकऱ्याला माहीत नसते. त्यातली काही मुले तर अजून जन्मालाही आलेली नसतात.